वन्संच्या गाण्यातले श्वास

पुलाचा चढ संपला तशी वन्संनी माझा दंड धरला आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. मला वाटलं, दमल्या. शाळेपासून निघून निम्मा रस्ता झाला होता आणि एवढ्या वेळात त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. हातात फुलांचा गुच्छ होता, तो बंद छत्री धरावी तसा खाली डोकं करून धरलेला.

"कठड्यावर टेकायचं का जरा?" मी विचारलं.

"दमले नाही गं." त्यांनी नाकाने खोल श्वास आत ओढला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे."

"इथे काय?"

"तिसऱ्या ओळीत. 'रुसून'च्या नंतर. इथे श्वास घ्यायचा असतो. आज कुणीच घेतला नाही."

आणि परत चालू लागल्या. मी मागोमाग.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या दिवशी त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि निरोपाचा कार्यक्रम उरकून आम्ही दोघी पायी घरी निघालो होतो. माझा धाकटा दीर, म्हणजे वन्संचा शेंडेफळ भाऊ, शाळेत मागे थांबला होता. त्याला स्पीकर आवरून गाडीत भरायचे होते. मी त्याला भावजी म्हणते. तो मला वहिनी म्हणतो, वन्संना ताई म्हणतो. आता वन्सं नाहीत, आणि भावजींच्या मनात त्या दिवशीचं काही राहिलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

वन्सं जन्मभर पहिलीच्या बाई होत्या. शाळेने मध्ये एकदा त्यांना पाचवीला घालायचा घाट घातला होता. तेव्हा त्या मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, "पाचवीची पोरं मला उत्तरं देतात. पहिलीची प्रश्न विचारतात. मला उत्तरं ऐकायची सवय नाही." मोठ्या बाई हसल्या आणि पाचवीचा विषय तिथेच बारगळला.

लग्न झालं होतं त्यांचं. फार दिवस टिकलं नाही, त्या परत आल्या. का आल्या, हे मी नवी नवरी असताना भीत भीत विचारलं होतं. "तिथे सगळे एकाच वेळी बोलायचे," एवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. पुढे मी कधी विचारलं नाही.

त्या परत आल्या तेव्हा भावजी अगदी लहान होते आणि सासूबाई गेलेल्या. पोराला दमा. चार शब्द सलग बोलला की छातीतून शिट्टी वाजायची. पोरं खेळायला घेत नसत, चिडवत. वन्सं त्याला मांडीवर घेऊन बसायच्या, पाठीवर पंजा ठेवायच्या आणि गाणं म्हणायला लावायच्या. पंजाला कळायचं, आता याचा श्वास संपत आला. तिथेच ओळ तोडायच्या. पुढचा शब्द पुढच्या श्वासाला. अशी त्यांची पहिली गाणी झाली, एका पोराच्या छातीच्या मापाने बेतलेली. अंगरखा बेतावा तशी.

पुढे शाळेतही तीच रीत. दरवर्षी नवा वर्ग आला की पहिल्या आठवड्यात त्या पोरांच्या रांगेमागून फिरायच्या, एकेकाच्या पाठीवर हात ठेवून. बाकीच्या शिक्षिका म्हणत, बाई आशीर्वाद देत फिरतात. त्या शोधत असायच्या वर्गातली सगळ्यात लहान छाती. त्या छातीला पुरेल एवढीच ओळ. मग सगळ्यांना पुरते.

बटणांचं गाणं त्यातलंच. पोरांना शर्टाची बटणं लावता येत नसत म्हणून रचलेलं:

वरचं बटण काजात गेलं,
मधलं बटण मागून आलं,
खालचं बटण रुसून...
बसलं!

'रुसून' म्हटलं की थांबायचं. श्वास घ्यायचा, ओठ पुढे काढायचे, आणि 'बसलं'ला सगळ्या वर्गाने धप्पकन खाली बसायचं. ती थांबण्याची जागा किती लांब, याला माप नव्हतं. पोरं जेवढं ताणतील तेवढं. कधी कधी एखादं इतकं ताणायचं की बाकीची हसून हसून आधीच बसायची. 'फसलास' म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

ही गाणी त्या घरी टेपरेकॉर्डरवर भरून ठेवत. दुसऱ्या तुकडीच्या बाईंना गाता येत नसे, त्यांना टेप लागायची. मग शेजारच्या शाळेने मागितली, मग आणखी कुणी. भरायच्या दिवशी आमच्या घरात मयत झाल्यासारखी शांतता. आमचे हे पंखा बंद करायचे, मी गॅस बंद करायचे, खिडकीला सतरंजी टांगायची. वन्सं ओट्याशी उभ्या राहून गायच्या. टेपवर त्यांचे श्वासही भरले जायचे. प्रत्येक ओळीआधी हलकासा 'फुस्स'. मी एकदा म्हटलं, "वन्सं, श्वास ऐकू येतो हो." त्या म्हणाल्या, "यायलाच पाहिजे. पोरं शब्द नंतर शिकतात. आधी माझ्याबरोबर श्वास घेतात."

खरंच होतं ते. टेप लावली की वर्गातली पोरं त्या 'फुस्स'बरोबर खांदे वर करत. मी पाहिलं आहे.

मग पहिलीच्या बाईंचं होतं तेच वन्संचं झालं. वर्षानुवर्षं ओरडून घसा गेला. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंना गाठी आहेत, कमी बोला. पहिलीच्या बाईला कमी बोला म्हणायचं! आवाज घोगरा झाला तो सुधारलाच नाही. शिकवणं जमे, वरच्या पट्टीत गाणं संपलं. त्यामुळे टेपवर होता तोच त्यांचा आवाज. आणि टेपांना लागली बुरशी; शाळांना दिलेल्या तर केव्हाच खराब होऊन गेल्या होत्या.

तोवर भावजींचा तळमजल्यावर स्टुडिओ सुरू झाला होता. ती खोली आधी वन्संची. "याला जागा लागते, मला काय, झोपायलाच तर जाते," असं म्हणत त्या जिन्याजवळच्या छोट्या खोलीत आल्या. भावजी दुकानांच्या जाहिराती करायचे, नाचाच्या क्लासला संगीत द्यायचे, कुणाची रिक्षातून फिरवायची घोषणा असली तर तीही. दमा केव्हाच गेला होता. आता माणूस अखंड बोलायचा. भावजी म्हणाले, "ताई, टेपा मरायला लागल्यात. सगळं कॉम्प्युटरवर घेऊ."

वन्सं तयार झाल्या, पण म्हणाल्या, "आधी मला कळू दे, कशात घ्यायचं."

शाळेचे स्पीकर दुरुस्त करायला एक माणूस येई. वन्संनी त्याला गाठला. तो म्हणाला, "बाई, लोक काय करतात, मोठे लोक कुठलं सॉफ्टवेअर वापरतात ते विचारतात आणि तेच आणतात. मग वर्षभर ते शिकत बसतात. तुम्ही आधी तुम्हाला काय करायचंय ते सांगा."

वन्सं म्हणाल्या, "भरायचं. चुकलं तर तेवढंच कापायचं. आणि बाकी कशाला कुणी हात लावायचा नाही."

"टिकटिक लागेल? लयीला?"

"माझा वर्ग घड्याळावर गात नाही."

तो हसला आणि त्याने आपल्या लॅपटॉपवर त्यांना तीन प्रकार दाखवले. एकात रंगीत चौकटी होत्या, बोट लावलं की ढोल वाजायचा. वन्सं म्हणाल्या, "हे खेळणं चांगलंय. वर्गात नको, मारामारी होईल." दुसरं म्हणजे बटणांचं रान, विमान चालवणाऱ्याच्या समोर असतं तसं. तिसरं साधं, करडं, दोन आडव्या रेघा आणि एक लाल टिपका. टिपका दाबला की भरतं, पुन्हा दाबला की थांबतं. वन्संनी त्यात चार शब्द भरले, पुन्हा ऐकले. मग बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. श्वासाच्या जागी रेघ बारीकशी थरथरत होती. "दिसतोय की गं," मला म्हणाल्या. "श्वास दिसतोय." त्यांनी ठरवून टाकलं.

त्याच संध्याकाळी स्टुडिओत जाऊन त्यांनी भावजींना नाव सांगितलं. भावजी कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं ताई, ते हौशी लोकांचं आहे! शाळेतली पोरं वापरतात."

"मग माझ्यासाठीच झालं ते."

"तसं नसतं. माझं सगळं काम माझ्या सॉफ्टवेअरवर. तुझ्या फायली त्यात नीट यायला नकोत? उद्या त्याला मागे संगीत लावायचं म्हटलं तर? आणि एका मशीनवर दोन-दोन घातली की मशीन रडतं."

"मला मागे संगीत नकोय."

"आत्ता नकोय. नंतर म्हणशील."

"नंतरही नको म्हणेन."

"ताई, हे माझं काम आहे. मी तुला पहिलीत कसं शिकवायचं ते सांगतो का?"

वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा मला अक्कल शिकवायला लागला म्हणजे मोठा झाला बरं." आम्ही सगळे हसलो आणि तो विषय तिथे संपला. म्हणजे भावजींच्या मनासारखा संपला. मशीन त्यांचं, खोली त्यांची झालेली, हात त्यांचे. करडं सॉफ्टवेअर आमच्या घरात आलंच नाही.

भावजींच्या सॉफ्टवेअरात पडदाभर उभ्या रेघा असायच्या, वहीच्या चौकटीसारख्या. प्रत्येक ठोका एका रेघेवर बसला पाहिजे. वन्संची गाणी त्यात घातली की एकही शब्द रेघेवर बसायचा नाही. भावजी टिकटिक चालू करायचे, वन्सं बंद करायला लावायच्या. "तिला सांग, बाईंचा तास चाललाय, बाहेर उभी राहा." भावजी वैतागून हसायचे. एक टेप, मग दुसरी, अशी बरेच दिवस ती भरणी चालली. वन्संनी प्रत्येक गाणं पूर्ण ऐकलं, मान हलवली, आणि मगच ती टेप फेकून द्यायला दिली. बुरशीने शेवटी एकेक टेप मशीनमध्ये चिकटत होती, पण गाणी उतरली. सगळी उतरली. त्या दिवशी वन्संनी मला चहा करून दिला, हे मुद्दाम लिहिते, कारण त्या कधी करत नसत.

मग आला निरोपाचा कार्यक्रम.

भावजींनी आदल्या दिवशीच मला डोळा मारून सांगितलं होतं, "वहिनी, ताईला उद्या असं काही देणार आहे ना, बघाच." मला वाटलं, घड्याळ वगैरे असेल. कार्यक्रमात भाषणं झाली. मोठ्या बाई बोलल्या, जुने विद्यार्थी बोलले. मग भावजी माइकपाशी आले. म्हणाले, "ताईच्या गाण्यांवर आपण सगळे वाढलो. पण ती गाणी घरगुती होती. मी आज ती नव्याने, अगदी व्यावसायिक दर्जाची करून शाळेला भेट देतोय." टाळ्या. पहिलीची पोरं स्टेजवर उभी. स्पीकरमधून बटणांचं गाणं सुरू झालं.

आवाज वन्संचाच होता. तरुणपणचा, स्वच्छ. मागे ढोल आणि काहीतरी चकचकीत वाजत होतं. पण मला लगेच कळेना, काय बिघडलंय. सारखं वाटत होतं, या बाईला कुणीतरी मागून ढकलतंय. मग लक्षात आलं. वन्सं श्वासच घेत नव्हत्या. एक ओळ संपली की दुसरी, ठोक्यावर ठोका, मध्ये फट नाही. पोरं पहिल्या ओळीला खांदे वर करून वाट बघत राहिली, तोवर शब्द पुढे गेला. दुसऱ्या ओळीत पळत पळत गाठलं. आणि तिसरीत 'रुसून'ला पोरांनी ओठ काढले, तोवर स्पीकर 'बसलं' म्हणून पुढच्या कडव्याला लागलासुद्धा. निम्मी बसली, निम्मी उभी. एक लहानशी मुलगी ओठ पुढे काढून तशीच उभी राहिली, कुणीतरी थांबेल म्हणून. सभागृह हसलं. प्रेमाने हसलं, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ती मुलगी रडायला लागली.

आणि माइक वन्संच्या हातात दिला. सगळे बघत होते. भावजी पहिल्या रांगेत, डोळ्यांत पाणी आलेलं, खरंखुरं. वन्सं त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "फार कष्ट घेतले त्याने. आभारी आहे." आणि खाली बसल्या.

शाळेत आजही तीच गाणी लागतात. नवीन बाईंना त्यात काही खोट दिसत नाही. पोरांनाही आता सवय झाली असेल. पोरांना कशाचीही सवय होते.

तर पुलावरून उतरून आम्ही दवाखान्याच्या लांबलचक भिंतीच्या कडेने चाललो होतो. मागून हॉर्न वाजला. भावजींची गाडी. काच खाली करून म्हणाले, "अगं ताई, किती चालताय? बसा दोघी. वहिनी, पुढे बसा, मागे स्पीकर आहे."

"चालतोय आम्ही," वन्सं म्हणाल्या.

"बरं, सांग तरी, कसं वाटलं? तिथे काही बोललीच नाहीस नीट."

"एवढ्या लोकांत काय बोलायचं."

"किती दिवस लपून काम केलंय माहितेय? प्रत्येक शब्द उचलून रेघेवर बसवला. तुझी लय म्हणजे ना ताई, प्यायलेला माणूस चालावा तशी! आणि तो फुस्स-फुस्स आवाज एकेक वेचून काढला. तांदळातले खडे काढावेत तसा."

वन्संनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "जुनी कुठे आहेत?"

"कुठली जुनी?"

"माझी. प्यायलेली."

"अगं, त्यांच्यावरच तर केलं काम! त्यातच सेव्ह केलं. दोन-दोन प्रती ठेवायला डिस्कवर जागा कुठेय?"

"म्हणजे नाहीत."

"ही आहेत की. त्यांच्यापेक्षा चांगली." भावजी हसले, आणि मग पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा उतरला. "तुला आवडली नाहीत का?"

वन्सं त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, आता बोलतील. बोलू देत एकदाचं. पण त्या म्हणाल्या, "मागे तुझा स्पीकर घसरतोय बघ. पडेल. जा तू."

गाडी गेली. वन्संनी दाराला लागलेला हात पदराला पुसला.

थोडं चालल्यावर मी उगीच म्हटलं, "मनापासून केलं हो त्यांनी."

"माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "म्हणून तर तोंड शिवलंय. दुसऱ्या कुणी केलं असतं तर घरी जाऊन त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. याच्या पिढ्या काढायच्या म्हणजे माझ्याच."

"पुन्हा नाही का भरता येणार? कुणाकडून तरी?"

"कुणाकडून? माझ्याकडून?" त्यांनी घसा खाकरला, आणि बटणांच्या गाण्याची पहिली ओळ म्हणायचा प्रयत्न केला. 'वरचं' म्हणाल्या आणि आवाज फाटला. भिंतीवरचं मांजर उडी मारून पळालं. वन्संना हसू आलं. "बघ. श्रोते उठून चालले."

मलाही हसू आलं आणि रडूही.

"त्याचं काही नाही चुकलं," त्या चालता चालता म्हणाल्या. "त्याला जे पाहिजे होतं, त्याला शोभेल असं सॉफ्टवेअर त्याने घेतलं. मला काय पाहिजे ते मला ठाऊक होतं. स्पीकरवाल्याला सांगितलं, तुला सांगितलं, यालाही सांगितलं. आणि तो एकदा हसला म्हणून मी गप्प बसले. याला मी असं वाढवलं की याला कधी कुणी नाही म्हणू नये. माझ्यासकट."

गल्लीच्या तोंडाशी आलो. घराच्या खाली गाडी उभी होती, स्टुडिओत दिवा लागलेला, भावजी स्पीकर आत नेत असणार. वन्संनी तो गुच्छ शेजाऱ्यांच्या कुंपणात खोचून ठेवला, टाकलाही नाही आणि आणलाही नाही. फाटकाच्या कडीवर हात ठेवून त्या थांबल्या.

"एक मागते. देशील?"

"सांगा ना, वन्सं."

"तू रोज सकाळी देवापुढे बसतेस. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन काय काय मागतेस, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. उद्या माझं नाव येईल तेव्हा माझे गुडघे माग, माझे डोळे माग, काय हवं ते माग. पण हिचा राग जाऊ दे, हिला क्षमा करायचं बळ दे, असलं काही माझ्या वतीने मागू नकोस."